विजेच्या वायरीतून नेट: चालतं, पण बॉक्सवरचा आकडा विसरा

राऊटर एका टोकाला आणि कॉम्प्युटर पार दुसऱ्या टोकाच्या खोलीत असला की वायफाय मधल्या भिंतींतच गारद होतं, आणि लॅन केबल टाकायची तर भिंती फोडा नाहीतर दारांखालून वायर लोळवत न्या. यावर पॉवरलाइन ॲडॉप्टर हा मस्त जुगाड आहे, एक ठोकळा राऊटरजवळच्या सॉकेटात, दुसरा कॉम्प्युटरजवळ, दोन्हीकडे छोटी लॅन केबल, बास, मधली वायर भिंतीत आधीच आहे.

वीज 50 किंवा 60 हर्ट्झची आणि हे ठोकळे त्याच तांब्यावर साधारण 2 मेगाहर्ट्झ आणि त्याहून वरच्या फ्रिक्वेन्सीवर डेटा सोडतात, म्हणून दोघांची टक्कर होत नाही. या ठोकळ्यांचं होमप्लग नावाचं स्टँडर्ड आहे, 2001 च्या पहिल्या होमप्लगचा वेग 14 एमबीपीएस होता, 2005 च्या होमप्लग एव्ही या आवृत्तीत तो 200 झाला, आणि पुढची एव्ही2 आवृत्ती तर अर्थिंगची वायरसुद्धा कामाला लावते.

पण हे सगळे आकडे कागदावरचे हां. एकाच वायरीवर आलटून पालटून जाणं-येणं, वर एरर करेक्शन (चुका दुरुस्त करायला पाठवलेला जादा डेटा), असं सगळं वजा जाता हातात निम्म्याहून कमीच पडतं. काही स्वस्त मॉडेल्सची तर कमालच, बॉक्सवर 600 छापलंय आणि लॅन पोर्ट 100 चा!

स्पीडची खरी वाट लागते ती सॉकेटापाशी. ठोकळा थेट भिंतीतच लावा, स्पाइक गार्डमध्ये नाही, कारण त्यातला फिल्टर हा सिग्नल कचरा समजून गिळून टाकतो. माझ्या टेबलाजवळ एक जुना चार्जर आहे, तो चालू केला की पिंग (नेटवरून उत्तर यायला लागणारा वेळ) उड्या मारायला लागतो, काढला की लगेच शांत. ठोकळ्यालाच सॉकेट असलेलं मॉडेल मिळालं तर चार्जर-बिर्जर, एक्स्टेंशन बोर्ड सगळं त्यात लावायचं, त्या सॉकेटाला बहुतेक वेळा फिल्टर असतो. दोन खोल्या वेगवेगळ्या फेजवर असतील तर सिग्नल कसाबसा पोचतो किंवा पोचतच नाही, तिथे पैसे घालण्याआधी कोणाकडून तरी जोडी मागून आणून बघा.

आणि ठोकळ्यांची जोडी जुळवणारं पेअर बटण दाबायचा कंटाळा करू नका. विजेचा मीटर सिग्नलला घराबाहेर जाण्यापासून पक्का अडवतोच असं नाही, एन्क्रिप्शन (डेटाला लावलेलं कुलूप) 128 बिटचं असलं तरी कंपनीची डिफॉल्ट की, म्हणजे त्या कुलपाची किल्ली, तशीच ठेवली तर शेजाऱ्याचा तसलाच ठोकळा आपल्या नेटवर्कात आरामात येऊन बसू शकतो. एकाचं बटण दाबायचं, लगेच दुसऱ्याचं, झाली दोघांची नवी की तयार.