उताऱ्याचा हिशेब

प्रतिलिटर १०० मिलिग्रॅम आणि प्रतिलिटर २५ ग्रॅम. पहिला आकडा २००६ सालचा, दुसरा २०१३ सालचा. दोन्ही ‘नेचर’ या विज्ञानविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि दोन्ही यीस्टकडून बनवून घेतलेल्या एकाच पदार्थाचे आहेत. हा पदार्थ म्हणजे आर्टेमिसिनिक आम्ल. हिवतापावरील आर्टेमिसिनिन हे औषध त्यापासून तयार करता येते. मी स्वतः काही वर्षे किण्वनाच्या, म्हणजे आंबवण्याच्या, टाक्यांजवळ नोकरी केली असल्यामुळे, बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील जैव-अभियंते जे कीसलिंग यांच्या संशोधनाचा विषय निघाला की माझे लक्ष पुरस्कारांच्या यादीआधी उताऱ्याकडे, म्हणजे लिटरमागे किती माल निघाला याकडे, जाते. साखर कारखान्यातला माणूस ऊस पाहून आधी उतारा विचारतो, तसेच हे.

आर्टेमिसिनिन ही मूळची तू यूयू आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांची देणगी. त्यासाठी तू यूयू यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिकही मिळाले. परंतु ते एका वनस्पतीच्या पानांतून काढावे लागते आणि पीक हातात यायला महिने जातात. त्यामुळे मागणी वाढली की भाव भडकायचा, लागवड वाढली की कोसळायचा.

कीसलिंग यांनी या प्रश्नाकडे पेशीच्या जमाखर्चाच्या बाजूने पाहिले. यीस्टची पेशी साखरेपासून फार्नेसिल पायरोफॉस्फेट नावाचे संयुग बनवते आणि त्यातून पुढे आपल्या पेशीपटलासाठी लागणारे अर्गोस्टेरॉल घडवते. हेच संयुग वनस्पतीतही औषधाच्या वाटेवरचे एक स्थानक असते. म्हणजे कच्चा माल घरात आहेच. तो दुसऱ्या दाराने बाहेर काढायचा आहे. २००३ मध्ये त्यांच्या गटाने यीस्टमधला संपूर्ण मेव्हॅलोनेट मार्ग, म्हणजे या संयुगापर्यंत नेणारी अभिक्रियांची साखळी, ई. कोलाय या जिवाणूत बसवला आणि त्याला वनस्पतीचे एक विकर (एन्झाइम) जोडून दिले. २००६ मध्ये हेच तंत्र यीस्टमध्ये वापरताना अर्गोस्टेरॉलकडे जाणारी वाट पूर्ण बंद न करता अरुंद केली, कारण ती बंद केली असती तर पेशीच मेली असती. माझ्या मते पेशीकडून हवे ते रसायन बनवून घेण्याच्या या विद्याशाखेचे सारे कौशल्य या ‘अरुंद करण्या’त आहे. नवे जनुक घालणे आता पुष्कळांना जमते. पेशीला जिवंत ठेवून तिच्याकडून तिच्या उपयोगाचे नसलेले काम करवून घेणे मात्र अवघड असते.

पुढची सात वर्षे याच प्रकारच्या बारीक दुरुस्त्यांत गेली. कीसलिंग यांच्या प्रयोगशाळेतून निघालेल्या अमायरिस या कंपनीतील संशोधकांना असे आढळले की, ऑक्सिडीकरण करणारे विकर आणि त्याला इलेक्ट्रॉन पुरवणारे जोडीदार विकर यांचे प्रमाण बिघडले तर पेशी मरू लागतात. म्हणून त्यांनी जोडीदाराचे प्रमाण उतरवले आणि वनस्पतीतलीच आणखी काही विकरे मदतीला आणली. तेव्हा कुठे २५ ग्रॅमचा उतारा हाती आला. सात वर्षांत अडीचशे पट! आमच्या खात्यात उतारा दोन टक्क्यांनी सुधारला तरी पेढे वाटले जात.

यामागे गेट्स प्रतिष्ठानचा, २००४ मध्ये जाहीर झालेला, ४ कोटी २६ लाख डॉलरचा निधी होता. हिवतापाच्या औषधासाठी स्वामित्वशुल्क घ्यायचे नाही, अशी अटही होती. सनोफी कंपनीने इटलीतील गारेसिओ येथे उत्पादन सुरू केले, परंतु ना नफा ना तोटा या तत्त्वावर ठरवलेला त्यांचा भाव किलोला ३५० ते ४०० डॉलर होता आणि तोवर पानांपासून काढलेले आर्टेमिसिनिन २५० डॉलरच्याही खाली आले होते. २०१५ मध्ये तिथे काहीच उत्पादन झाले नाही आणि पुढे तो कारखाना विकला गेला. यावरून सगळा प्रकल्पच फसला, असे म्हणणारे बरेच भेटतात. मला ते घाईचे वाटते. शेतातल्या मालाशी भावात बरोबरी करता आली नाही, हे खरे. पण त्याच वाटेने घडवलेल्या यीस्टपासून ब्राझीलच्या उसाच्या साखरेवर फार्नेसीन हे संयुग तयार झाले, आणि त्यापासून बनवलेले स्क्वालेन हे त्वचा मऊ ठेवणारे तेल आज सौंदर्यप्रसाधनांत वापरले जाते. पूर्वी त्यासाठी शार्क माशांचे यकृत लागत असे.

कीसलिंग यांचा सहभाग असलेले २०२२ चे काम आपल्या अंगणापर्यंत येते. सदाफुलीपासून मिळणाऱ्या विनब्लास्टिन या कर्करोगावरील औषधाचे दोन पूर्वघटक त्यांच्या गटाने यीस्टमध्ये तयार केले आणि ते रासायनिक रीतीने जोडून औषध मिळवले. त्यासाठी यीस्टमध्ये ५६ जनुकीय बदल करावे लागले. उतारा प्रतिलिटर मायक्रोग्रॅममध्ये होता. टाकीजवळ उभ्या राहणाऱ्या माणसाला हा आकडा ऐकून धडकीच भरेल. मात्र या औषधाची रुग्णाला दिली जाणारी मात्राच मिलिग्रॅममध्ये असते आणि एक ग्रॅम औषधासाठी सदाफुलीची सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात. त्यामुळे इथे स्पर्धा किलोला अडीचशे डॉलर भावाच्या मालाशी नाही.