सर्वांत धाकट्या देवदूताला वाईट वाटत नाही का?

आमच्या वसई धर्मप्रांतात रविवारी मुलांना धर्मशिक्षण देणारे बहुतेक जण हौसेने, सेवा म्हणून ते काम करतात. कुणी बँकेत नोकरीला असतं, कुणाची वाडी असते, कुणी निवृत्त शिक्षक, कुणी नुकती बारावी झालेली पोर. या धर्मशिक्षकांची शिबिरं घेणं हे माझं काम. मी प्रापंचिक बाई, धर्मशास्त्र रीतसर शिकलेली. शिबिरात येणारे मला टीचर म्हणतात.

सप्टेंबरातलं शिबिर देवदूतांवर असतं. २९ सप्टेंबरला मिखाएल, गाब्रिएल आणि राफाएल या महादूतांचा सण, लगेच २ ऑक्टोबरला रक्षक देवदूतांचा. विषय मुलांच्या आवडीचा असल्यामुळे त्या दिवशी वाद होईल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

सकाळच्या सत्रात मी फळ्यावर देवदूतांचे नऊ गण लिहिले. वर सराफीम, करूबीम, राजासने. मधे अधिपत्ये, सामर्थ्ये, अधिकार. खाली सत्ता, महादूत आणि शेवटी साधे देवदूत. ही नावं बायबलमध्ये विखुरलेली आहेत. सराफीम यशयाच्या दृष्टान्तात भेटतात, राजासने आणि अधिपत्ये पौलाच्या कलस्सैकरांस पत्रात. त्यांची तीन-तीनची उतरंड लावली ती इसवी सन ५०० च्या सुमारास डायोनिसियस या नावाने लिहिणाऱ्या एका ग्रीक लेखकाने. पोप ग्रेगरी यांनी तिचा क्रम थोडा वेगळा दिला. देवदूत आहेत हा ख्रिस्तसभेचा, म्हणजे चर्चचा, विश्वास आहे, पण गण नऊच आणि याच क्रमाने हे तिने कधी श्रद्धासत्य म्हणून ठरवलेलं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण फळ्यावर लिहिलेलं सगळं सारख्याच वजनाचं वाटतं.

मागच्या बाकावरून एका मुलीने हात वर केला. डोंगरपट्ट्यातल्या एका पाड्यावर ती वर्ग घेते, स्वतः वारली घरातली आहे. म्हणाली, "टीचर, गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका पोराने विचारलं होतं, सगळ्यांत खालच्या देवदूताला वाईट वाटत नाही का? मला तेव्हा सांगता आलं नाही."

मी तिला लिझ्यूच्या संत तेरेझाची आठवण सांगितली. स्वर्गात सगळ्यांना सारखं वैभव का नाही, असं लहानपणी तिने आपल्या बहिणीला विचारलं होतं. बहिणीने वडिलांचा मोठा पेला आणि तेरेझाचं शिवणाचं अंगुस्तान शेजारी ठेवलं, दोन्ही काठोकाठ पाण्याने भरले आणि विचारलं, यातलं जास्त भरलेलं कोणतं? मुलांना हे चटकन पटतं. मलाही ते खरं वाटतं. स्वर्गात उणीव कुणालाच नाही.

पण ती मुलगी थांबली नाही. "दोन्ही भरले, ते बरोबर. पण पेला कोण आणि अंगुस्तान कोण, हे कोण ठरवतं?"

माझ्या आधी पुढच्या रांगेतून उत्तर आलं. "देव ठरवतो, बाय." हे बोलले ते आमचे मास्तर. किनाऱ्यावरच्या एका जुन्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) वर्षानुवर्षं धर्मशिक्षण दिलेले, वाचन दांडगं, शब्दाला पक्के. त्यांनी पिशवीतून एक झेरॉक्स काढली. पोप लिओ तेरावे यांचं २८ डिसेंबर १८७८ चं परिपत्रक, त्या काळच्या समाजवाद्यांविरुद्ध लिहिलेलं. त्यात असा मुद्दा आहे की स्वर्गातसुद्धा देवाने देवदूतांचे गण वेगवेगळे आणि एकाला दुसऱ्याच्या अधीन केले, ख्रिस्तसभेत वेगवेगळ्या पायऱ्या नेमल्या, तशाच समाजातही मान, हक्क आणि सत्ता यांच्या वेगवेगळ्या श्रेणी ठेवल्या. मास्तरांनी तो परिच्छेद वाचून दाखवला आणि म्हणाले, "सगळेच पुढे कसे बसतील? ज्याला जी जागा मिळाली तिथे त्याने राहावं, यात वाईट काय?"

सभागृहात किनाऱ्याचे धर्मशिक्षक पुढे बसले होते आणि पाड्यांवरचे मागे. तशी जागा कुणी नेमून दिली नव्हती. मास्तरांच्या वाक्यानंतर मात्र ते सगळ्यांनाच दिसलं असणार, कारण दोघं-तिघं वळून मागे पाहू लागले.

जेवणाची घंटा झाली म्हणून सत्र तिथेच थांबवलं. मला जेवण गेलं नाही. पोप महोदयांच्या पत्राला "जुना काळ होता" म्हणून बाजूला सारणं हा अप्रामाणिकपणा झाला असता आणि मास्तरांसारख्या माणसाचा अपमानही. विषमतेत देवाचा काही हेतू असतो ही शिकवण कॅथलिक परंपरेत आहेच. १९९२ च्या, कॅथलिक ख्रिस्तसभेच्या अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथात सिएनाच्या संत कॅथरिनचा उतारा त्याच कारणाने घेतलेला आहे. गुण सगळ्यांना सारखे दिले नाहीत, एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा असे दिले, म्हणजे प्रत्येकाला दुसऱ्याची गरज पडेल आणि प्रेम करावं लागेल, असं देव तिला सांगतो. अडचण वेगळीच होती. देवदूतांच्या उतरंडीवरून माणसांची उतरंड काढता येते का? तेच तपासायचं ठरवलं, आणि त्यासाठी याच पोपमहोदयांनी दाखवलेला मार्ग घेतला. कारण १८७९ मध्ये, म्हणजे त्या पत्रानंतर वर्षाच्या आतच, त्यांनी दुसरं परिपत्रक काढून संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण कॅथलिक शिक्षणाचा पाया म्हणून पुन्हा उभी केली होती.

दुपारी मी थॉमस उघडले. तेराव्या शतकातला हा डोमिनिकन साधू, ज्याला ख्रिस्तसभा 'देवदूती आचार्य' म्हणते. त्यांचा एक विचार ऐकला की पहिल्यांदा माणूस चमकतोच. देवदूताला शरीर नाही, जडद्रव्य नाही. एकाच जीवजातीचे अनेक जीव होतात ते जडद्रव्यामुळे. म्हणून एका जातीचे दोन देवदूत असूच शकत नाहीत. प्रत्येक देवदूत ही स्वतःच एक स्वतंत्र जात आहे. मिखाएल आणि गाब्रिएल यांच्यात जे अंतर आहे ते दोन माणसांतलं नव्हे, दोन वेगळ्या जीवजातींतलं आहे.

"आता माणसांचं बघा," मी म्हटलं. "पोप, पाड्यावरचं मूल, मास्तर, मी, आपण सगळे किती जाती?"

"एक," मागून तीन-चार आवाज एकदम आले.

मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे, आणि त्यावर मी आजही ठाम आहे. देवदूतांची शिडी ही स्वभावांची शिडी आहे. वरचा देवदूत स्वभावानेच वरचा. माणसामाणसांत अशी शिडी नाहीच, कारण मानवी स्वभाव सगळ्यांचा एकच आणि पूर्ण. माणसांत जी कमीजास्त आहे ती बुद्धीची, ताकदीची, वयाची, कामाची. 'हा जन्मानेच खालचा' असं म्हणायला थॉमस यांच्या देवदूतशास्त्रात कणभरही आधार मिळत नाही.

मास्तर गप्प बसणारे नव्हेत आणि बसूही नयेत. त्यांनी विचारलं, "पण टीचर, पाप झालं नसतं तर एदेन बागेत सगळे सारखे असते, असं थॉमस म्हणतात का?" प्रश्न अगदी मर्मावर होता. थॉमस तसं म्हणत नाहीत. निष्पाप अवस्थेतही कुणी जास्त जाणता, कुणी जास्त बळकट असता, असंच त्यांचं उत्तर आहे. शंभरातले पंच्याण्णव लोक हे वाचून पुस्तक मिटतात. लगेच पुढच्या कलमात ते विचारतात, मग तिथे माणसाने माणसावर सत्ता चालवली असती का? उत्तरात ते सत्तेचे दोन प्रकार करतात. मालक गुलामाला स्वतःच्या फायद्यासाठी राबवतो, ती पहिली. ती एदेन बागेत नसती. दुसरी सत्ता स्वतंत्र माणसाला त्याच्याच भल्याकडे किंवा सगळ्यांच्या भल्याकडे नेणारी, तेवढीच असती. संत ऑगस्टिन तर त्याही आधी लिहून गेले की देवाने माणसाला पशूंवर अधिकार दिला, माणसांवर नाही. आणि ऑगस्टिनांचा हाच विचार ५ मे १८८८ रोजी, ब्राझीलमधली गुलामगिरी कायद्याने संपण्याच्या आठवडाभर आधी, तिथल्या महागुरूंना, म्हणजे बिशपांना, लिहिलेल्या पत्रात कुणी उद्धृत केला? त्याच लिओ तेराव्यांनी. मास्तरांनी झेरॉक्सच्या कोपऱ्यात ती तारीख लिहून घेतली.

थॉमस यांच्याही सगळ्या पानांवर मी सही करणार नाही. स्त्रीविषयी ते ॲरिस्टॉटलच्या मागे गेले आहेत, गुलामगिरी त्यांनी लोकव्यवहार म्हणून चालवून घेतली आहे. ते मी वर्गात सांगितलं आणि पुढे गेले.

पुढे जायचं होतं ते त्या मुलीच्या प्रश्नाकडे. वरचा देवदूत वर असतो तो कशासाठी? डायोनिसियस आणि थॉमस दोघांचंही उत्तर एक: देण्यासाठी. वरच्या देवदूताला देवाचा जो प्रकाश मिळतो तो तो खालच्याला पोचवतो. थॉमस नेमका प्रश्न घालतात, आपल्याला कळलेलं सगळं वरचा देवदूत खालच्याला देतो का? आणि सांगतात, सगळं देतो, काही राखून ठेवत नाही. खालच्याला ते वरच्याइतकं खोल उमगत नाही, एवढाच फरक.

ती मुलगी उभी राहिली. या वेळी हात वर केला नाही. "मग आमच्याकडे धर्मशिक्षणाची पुस्तकं जुनी झाल्यावर का येतात? फादर येऊन मिस्साची उपासना करतात ती महिन्यातून एकदाच का?"

कुणीतरी म्हणालं, फादर कमी आहेत. "फादर कमी आहेत ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "धर्मशिक्षक कमी नाहीत. इथे एवढे जण बसलेत."

त्यावर मास्तर बोलले ते मला अनपेक्षित होतं. तरुणपणी मुंबईत नोकरीला गेले तेव्हा तिथल्या इंग्रजी बोलणाऱ्या ख्रिस्ती मंडळींनी त्यांना गावठी म्हणून हिणवलं होतं. मराठीतून केलेली त्यांची प्रार्थनासुद्धा कमी दर्जाची ठरली होती. "मी मनाशी म्हटलं, देवाने मला नववी रांग दिली, मला ती मान्य आहे. त्याने मला शांती मिळाली, बाय. खोटं नाही सांगत."

"तुम्ही ती स्वतःसाठी घेतली, मास्तर," ती म्हणाली. "आम्हाला वाटून देऊ नका."

भारतात हा प्रश्न पुस्तकी नाही. तिरुचिरापल्लीत मेलपुदूरच्या कॅथलिक दफनभूमीत दलित आणि इतर ख्रिस्ती यांच्या कबरींमध्ये भिंत बांधली गेली. गोव्यात जुन्या कोंफ्रारी, म्हणजे चर्चमधली धार्मिक बंधुमंडळं, जातीवर चालल्या. स्नानसंस्कार एक, प्रभुभोजन एक, आणि मिरवणुकीत खांदा कुणी द्यायचा ते जातीने ठरणार! दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट म्हटलं की वंश, वर्ण, सामाजिक स्थिती, भाषा यांवरून होणारा कोणताही भेदभाव देवाच्या इच्छेविरुद्ध आहे. २०१६ मध्ये भारतातल्या महागुरूंच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचं धोरण काढून ख्रिस्तसभेतला जातिभेद हे पाप असल्याचं मान्य केलं. तरी देवदूतांच्या रांगा दाखवून माणसांच्या रांगा पवित्र करणारे लोक भेटतातच. मला याचा मनापासून राग येतो, कारण यात देवदूतांवरही अन्याय होतो.

उरलेल्या वेळात आम्ही मुलांसाठी पाठ तयार केला. वरून खाली येण्याऐवजी खालून सुरुवात करायची असं ठरलं. रक्षक देवदूत हा परंपरेप्रमाणे शेवटच्या गणातला, आणि तोच प्रत्येक माणसाच्या शेजारी. गाब्रिएल महादूत म्हणजे आठव्या गणातला, आणि जगातला सर्वांत मोठा निरोप नाझरेथला घेऊन गेला तो. ज्या मुलीकडे, मरियेकडे, तो येशूच्या जन्माचा निरोप घेऊन गेला ती माणूस, म्हणजे स्वभावाने देवदूतांहून खालची. तिलाच आपण लितानीत, तिच्या नामावलीच्या प्रार्थनेत, 'देवदूतांची राणी' म्हणतो. कृपेने सगळी उतरंड उलटी होते, ती अशी. मास्तरांनी १८७८ चं पत्र पाठात हवंच असा आग्रह धरला. मी म्हटलं, शिक्षकांच्या टिपणात घेऊ, पण १८८८ चं त्याच्या शेजारी. तेही ठेवलं. किनाऱ्यावरच्या काही जणांनी पाड्यांवरच्या वर्गांसाठी नावं दिली. नव्या पुस्तकांच्या वाटपाची यादीही उलटी करायला सांगितली आहे, आधी डोंगरपट्टा. तिचा पाठपुरावा मी करते आहे, आणि ते अजून पूर्ण झालेलं नाही.

काही दिवसांनी रात्री मास्तरांचा फोन आला. देवदूतांच्या गणांवरचा थॉमस यांचा सगळा भाग त्यांनी कुठून तरी मिळवून वाचला होता. एक जागा त्यांनी मला वाचून दाखवली. आपल्याला देवदूतांचं ज्ञान अपुरं आहे म्हणून आपण एकेका गणात अनेकांना कोंबतो, पूर्ण ज्ञान असतं तर प्रत्येक देवदूताचं काम वेगळं आणि प्रत्येकाचा गणही स्वतःचा दिसला असता, असं तिथे म्हटलं आहे.

"मग टीचर," मास्तर म्हणाले, "फळ्यावर नऊ रांगा काढायच्याच कशाला?"

मी त्यांना म्हटलं, हा प्रश्न पुढच्या शिबिरात तुम्हीच मांडा, सकाळचं सत्र तुमचं.