हिशेब झाला होता, पैसे दुसऱ्याच खात्यात गेले

"दीडशे वर्षांपूर्वीचं आता कोण उकरत बसतं?" अमेरिकेतल्या गुलामांच्या वंशजांना भरपाई द्यावी का, हा विषय निघाला की साताऱ्यात पहिलं उत्तर हेच येतं. ते देणारा माणूस बहुतेक वेळा पणजोबाच्या नावच्या फेरफारासाठी तलाठ्याकडे हेलपाटे घालत असतो. मोडीतली नक्कल, चुलत्याच्या पोरांची राहिलेली वारस नोंद, बहिणींचं हक्कसोड. चार पिढ्यांनीही प्रकरण मिटत नाही हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तेव्हा "जुनं झालं" हे राहू दे.

त्यापेक्षा वजनदार आक्षेप असा, की माणसाच्या गुलामीची किंमत काढणारच कशी? तर ती काढलेली आहे, अगदी शिलिंग-पेन्सपर्यंत. ब्रिटिश संसदेनं १८३३ मध्ये गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला, तो १ ऑगस्ट १८३४ पासून लागू झाला आणि २ कोटी पौंड मंजूर झाले. हा आकडा तेव्हाच्या सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या सुमारे ४० टक्के. मिळाला तो मालकांना. राबलेल्या सुमारे ८ लाख माणसांना एक पेनीही नाही.

त्या वाटपाची पद्धत बघण्यासारखी आहे. आधी १८२२ ते १८३० या काळातल्या विक्रीच्या किमती घेऊन प्रत्येक वसाहतीची सरासरी काढली. मग माणसांचे वर्ग पाडले: मुकादम, कारागीर, शेतावरचा पक्का मजूर, कमी ताकदीचा मजूर, घरकामाचा, सहा वर्षांखालचं मूल, म्हातारा किंवा निकामी. प्रत्येक वर्गाला वेगळा दर. जमैकात सरासरी माणशी २० पौंडांच्या आसपास पडले, ब्रिटिश गयानात ५० च्या वर, कारण तिथली जमीन नवी, ऊस जोरात आणि माणसं कमी. मालकानं दावा दाखल करायचा, गुलामांच्या नोंदवहीतल्या संख्येशी तो ताडून बघायचा, हरकती मागवायच्या. हरकती भरपूर आल्या. मळा गहाण असेल तर सावकाराची, लग्नाच्या करारात उत्पन्न लावून दिलेलं असेल तर विधवेची, मृत्युपत्रात नाव असेल तर भाच्याची. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा असावा तसं हे सगळं माणसांच्या अंगावर चढवलेलं होतं, आणि आयुक्तांनी ४० हजारांहून जास्त दावे असे एकेक करून निकाली काढले. वारस किती, हिस्सा किती, गहाण कुणाचं, यातलं काहीही त्यांना "फार किचकट" वाटलं नाही.

रोख रक्कम बाजारभावाच्या निम्म्याहून कमी होती. उरलेली वसुली गुलामांकडूनच झाली. सुटका झाल्यावर लगेच मोकळीक नाही, आधी "शिकाऊ" म्हणून त्याच मालकाकडे आठवड्याला ४५ तासांपर्यंत फुकट काम. शेतमजुरांसाठी ही मुदत सहा वर्षांची ठरली होती, ओरड झाल्यावर १८३८ मध्ये गुंडाळली.

आता देणेकरी कोण, हे बघू. "मी कुठं गुलाम ठेवले होते?" हा प्रश्न एका माणसानं विचारला तर रास्त आहे. सरकारला तो विचारता येत नाही, कारण सरकार मरत नाही. त्या २ कोटींपैकी दीड कोटी पौंड ब्रिटननं कर्ज काढून उभे केले. ते कर्ज पुढच्या रोख्यांमध्ये मिसळत गेलं आणि त्याची शेवटची फेड २०१५ मध्ये झाली. म्हणजे जमैकातून लंडनला जाऊन बसचालक झालेल्या माणसाच्या करातूनही, त्याच्या खापरपणज्याच्या मालकाला दिलेल्या पैशाचे हप्ते गेले. अमेरिकेचं बघायचं तर यादवी युद्धातल्या एका सैनिकाची मुलगी आयरीन ट्रिपलेट २०२० मध्ये वारली, तोवर तिला बापाच्या नोकरीपोटी महिन्याला ७३ डॉलर १३ सेंट निवृत्तिवेतन सुरू होतं. १८६५ ला संपलेल्या युद्धाचं देणं २०२० पर्यंत चुकतं करणाऱ्या सरकारनं "जुनं झालं" म्हणणं जरा जडच जातं.

कॅरिबियन समुद्रातल्या हैती या फ्रान्सच्या जुन्या वसाहतीची गोष्ट तर याहून उफराटी. तिथल्या गुलामांनी लढून स्वातंत्र्य मिळवलं. १८२५ मध्ये फ्रान्सनं युद्धनौका पाठवून मान्यतेच्या बदल्यात १५ कोटी फ्रँक मागितले, ते बुडालेल्या मळेवाल्यांसाठी. पहिला हप्ता ३ कोटींचा होता, तो भरायला हैतीनं फ्रेंच बँकांकडूनच कर्ज काढलं, आणि बँकांनी त्यातले ६० लाख आधीच कापून २ कोटी ४० लाख हातात ठेवले. गावच्या सावकाराला ही रीत नवी नाही. १८३८ मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आली, पण कर्जाची शेपटी १९४७ पर्यंत वळवळत राहिली.

अमेरिकेत मालकांना भरपाई एकाच ठिकाणी नीट दिली गेली, राजधानी वॉशिंग्टनमध्ये, एप्रिल १८६२ ला. माणशी ३०० डॉलरची मर्यादा. किंमत ठरवायला आयोगानं बाल्टिमोरचा एक गुलामांचा व्यापारीच बोलावला, कारण भाव त्यालाच ठाऊक. सुटलेल्यांसाठी तरतूद होती १०० डॉलरपर्यंत, तीसुद्धा देश सोडून जाणार असाल तर. पुढं जानेवारी १८६५ मध्ये, यादवी युद्धात, सरकारी फौजेच्या जनरल शर्मननं किनारपट्टीची जमीन कुटुंबाला ४० एकरांपर्यंत वाटायचा हुकूम काढला आणि सुमारे ४० हजार माणसं त्या जमिनीवर बसलीही. (आपल्याकडे बारमाही बागायतीची कमाल मर्यादा १८ एकर, म्हणजे ४० एकर किती ते कळेल.) त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सननं जमीन जुन्या मालकांना परत केली.

खरी मेख वारस सिद्ध करण्यात आहे. १८५० आणि १८६०च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी होती. तीत मालकाचं नाव आहे, खाली फक्त वय, लिंग, रंग. नाव नाही. काळ्या माणसांची सरसकट नावं आली ती १८७० च्या जनगणनेत. त्यामुळे वंशज मागं शोधत जातात आणि १८७० ला भिंतीवर आदळतात. ती ओलांडायची तर वाटा ठरलेल्या: मुक्त गुलामांसाठी १८६५ ते १८७२ चाललेल्या सरकारी खात्याचे मजुरीचे करार, त्यांच्यासाठी काढलेल्या नि १८७४ मध्ये बुडालेल्या बचत बँकेच्या नोंदवह्या (यात आई-बाप, भावंडं, जुन्या मालकाचं नावही कधी कधी सापडतं), काळ्या पलटणींच्या निवृत्तिवेतनाच्या फायली, आणि शेवटी मालकाचं मृत्युपत्र व तारणखतं. फसगत होते ती आडनावावरून. सगळ्यांनी मालकाचंच आडनाव घेतलं नव्हतं. १८७० च्या यादीत शेजारच्या घरातला त्याच आडनावाचा गोरा हाच आपला जुना मालक, असं धरून चाललं की तिसऱ्या पिढीला वंशावळ भलतीकडे जाते.

याच्या शेजारी मॉरिशस ठेवा. तिथंही १८३५ मध्ये गुलामगिरी संपल्यावर मालकांना सुमारे २१ लाख पौंड मिळाले आणि उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून गिरमिटिये, म्हणजे करारानं बांधलेले मजूर, आणले गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसंही होती. गिरमिटिया कागदावर गेला: क्रमांक, बापाचं नाव, गाव, पुढच्या काळात फोटोसुद्धा. ही दप्तरं मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत आणि त्यावरून माणसं आजही आपलं गाव शोधतात. त्याच बेटावरच्या गुलामाच्या पणतवाला असा कागद क्वचित मिळतो. मॉरिशसनं २००९ मध्ये नेमलेल्या सत्य आणि न्याय आयोगानं दोन्ही गटांचा एकत्र अभ्यास केला, हे बरं केलं.

पुढचा घोळ "वारस" या शब्दाचाच. आपल्या डोक्यात वारस म्हणजे हिस्सेदार. बापाच्या एक एकरात तीन भाऊ म्हणजे प्रत्येकाला तेरा गुंठे नि थोडं, त्यांच्या पोरांना त्यातलं. या हिशेबानं पाच पिढ्यांनी, दर पिढीला तीन मुलं धरली, तर एका माणसाचे २४३ वारस होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला चिल्लर येते. अमेरिकेतली मागणी अशी नाही. ती आजच्या माणसाला माणशी भरपाई मागते, वंश हा फक्त पात्रतेचा दाखला. हा फरक न कळल्यामुळं अर्धी भांडणं होतात. दुसऱ्या महायुद्धात डांबलेल्या जपानी अमेरिकनांना १९८८ च्या कायद्यानं प्रत्येकी २० हजार डॉलर दिले, पण १० ऑगस्ट १९८८ ला हयात असलेल्यांनाच पात्र धरलं. तिथं पीडित समोर उभा होता. गुलामगिरीत तो नाही, म्हणून पात्रतेची रेघ ओढावीच लागते. भरपाईचा विचार करायला नेमलेल्या कॅलिफोर्निया राज्याच्या समितीनं २०२२ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी वर्णाऐवजी वंशावळ धरली: १९ वं शतक संपण्याआधी अमेरिकेत असलेल्या काळ्या माणसाचा, गुलाम वा मुक्त, वंशज. त्यामागं कायद्याचा धाकही होता. वर्णावर आधारलेलं वाटप तिथल्या समानतेच्या कलमापुढं टिकणं अवघड.

प्रत्यक्ष पैसे वाटलेलं गाव म्हणजे शिकागोला लागून असलेलं एव्हन्स्टन. त्यांनी गुलामगिरी धरलीच नाही. १९१९ ते १९६९ या काळात तिथं राहिलेल्या काळ्या रहिवाशांवर घरांच्या बाबतीत झालेला अन्याय धरला. रक्कम २५ हजार डॉलर, तीही सुरुवातीला घर घेणं, दुरुस्ती किंवा गृहकर्ज यासाठीच. पैसा गांजाविक्रीवरच्या करातून यायचा होता. दुकानं मोजकी, त्यामुळं कर थेंबथेंब आला, पहिली १६ नावं चिठ्ठ्या टाकून काढावी लागली, आणि वाट बघता बघता काही म्हातारे अर्जदार गेले. पैसे हातात न येता बँक आणि ठेकेदाराकडे जातात ही तक्रार आल्यावर २०२३ मध्ये रोख रकमेची सोय केली. योजना आखणाऱ्यांनी निधीचा झरा आधी मोजायला हवा होता. माझ्या मते मोठ्या भाषणांपेक्षा या छोट्या गावाच्या चुका जास्त शिकवतात.

व्याजाचं सांगतो. १८६५ ला थकलेला १ डॉलर १६० वर्षं ठेवा. चक्रवाढीनं ३ टक्के लावले तर ११३ डॉलर होतात, ६ टक्क्यांनी सुमारे ११,१९०. सरळव्याजानं त्याच ६ टक्क्यांचे १० डॉलर ६० सेंट. आणि आपला जुना दामदुपटीचा नियम लावला तर व्याज मुद्दलापलीकडे जाऊ शकत नाही, म्हणजे २ डॉलरवर विषय बंद. एकच मजुरी, चार उत्तरं. म्हणून विल्यम डॅरिटींसारखे अर्थतज्ज्ञ थकलेल्या मजुरीच्या वाटेला न जाता काळ्या आणि गोऱ्या घरांच्या आजच्या संपत्तीतलं अंतर मोजतात. तो आकडा १० लाख कोटी डॉलरच्या पुढं जातो. हैतीनं २००३ मध्ये फ्रान्सकडे मागितलेल्या रकमेच्या शेवटी ४८ सेंट होते. इतका नेमकेपणा दाखवला की समोरचा रकमेवर हसतो आणि मूळ मुद्दा निसटतो.

आपल्याकडचं काय? कोयनेचं विस्थापन आणि गुलामगिरी एका पारड्यात घालायची नाहीत. पण वंशजांना भरपाई देताना कागद कसा अडतो ते बघायला पाटण आणि जावळीपेक्षा जवळची जागा नाही. धरण १९६४ ला पुरं झालं, राज्याचा पुनर्वसनाचा कायदा आला १९७६ ला. जमिनीला जमीन हा हक्क कायद्यात येईपर्यंत माणसं उठून गेलेली होती. आता मूळ खातेदार गेले, पोरंही साठीच्या पुढं, आणि सगळी लढाई संकलन रजिस्टरावर, म्हणजे प्रकल्पग्रस्त खातेदारांच्या सरकारी यादीवर. कुणाचं नाव राहिलं, कुणाचं क्षेत्र चुकलं, कोण आधी जमीन घेऊन पुन्हा यादीत आला. त्यात प्रकल्पग्रस्त दाखला. सरकारी नोकरीतल्या ५ टक्के समांतर आरक्षणासाठी तो एका वारसाच्या नावे करायचा असतो, मग बाकीच्यांच्या संमती आणि सख्ख्या भावांची भांडणं. माणशी द्यायचं की खात्यामागं, हा "वारस" शब्दाचाच वाद इथल्या पुनर्वसन शाखेच्या टेबलावर रोज चालतो.

महार वतनाचंही तेच. पिढ्यान्‌पिढ्या वेठीनं गावकी करवून घेतली, त्या बदल्यातली जमीन वतन म्हणून. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ वतनं खालसा झाली तेव्हा तीच जमीन परत आपल्या नावे करून घ्यायला वतनदारानं आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, तिप्पट रक्कम सरकारला भरायची होती. ज्यांनी वेळेत भरली नाही त्यांचे घोळ अजून मिटलेले नाहीत. भरली त्यांच्या उताऱ्यावरही "भोगवटादार वर्ग २" असं येतं, विकायची झाली तर परवानगी आणि नजराणा. राबलेल्या वर्षांच्या मजुरीचा रकाना त्या उताऱ्यावर नाही.