रेडी, तेरेखोल, पत्रादेवी: जुन्या सरहद्दीवरून दुचाकीने

मालवणहून गोव्याला जायचं तर लोक कुडाळला हायवे धरतात. बांदा मागे पडतं, हद्दीवरची पत्रादेवी कधी गेली ते कळतही नाही. आम्ही मित्रमंडळी मुद्दाम किनाऱ्याने निघालो, वेंगुर्ले-शिरोडा-रेडी असं. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत ही दोन राज्यांची हद्द नव्हती, इथे भारत संपून पोर्तुगीज अंमल सुरू व्हायचा. ती सरहद्द आज कशी दिसते, एवढंच बघायचं होतं.

शिरोड्यात चहा घ्या आणि मिठागरांवर एक नजर टाका, १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथलाच. पुढे रेडीचा गणपती आणि यशवंतगड वाटेतच आहेत. रेडीत लोहखनिजाच्या खाणी, त्यामुळे रस्त्यावर तांबडी माती. पावसाच्या पहिल्या सरीनंतर तिथे ब्रेक जपून मारा.

खरी गंमत तेरेखोलला. नदीच हद्द असणार, असं आपण धरून चालतो. पण तेरेखोल गाव आणि किल्ला नदीच्या उत्तरेला, म्हणजे आपल्याच काठाला असूनही गोव्यात. रेडीहून सरळ जाता जाता पाटी बदलते आणि तुम्ही गोव्यात असता, नदी अजून ओलांडायचीच असते! किल्ला मूळ सावंतवाडीकर भोसल्यांचा. १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला आणि मग सोडलाच नाही. १५ ऑगस्ट १९५४ ला आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली गोमंतकीय सत्याग्रहींनी इथे तिरंगा लावला होता. किल्ल्याचं हॉटेल झालेलं असल्याने मनासारखं हिंडता येत नाही आणि आतलं चर्चही बहुतेक वेळा बंद असतं. तरी तटावरून समोर दिसणाऱ्या केरीच्या वाळूसाठी थांबावंच.

किल्ल्याखालून केरीला फेरीबोट सुटते, दुचाकी बोटीवर चढते. आम्ही पोचलो तेव्हा धक्क्यावरच्या काकांनी गाडी बंद करायला लावली. ‘सुकती आसा. पाणी चडल्याशिवाय बोट सुटाची नाय.’ सुकती म्हणजे ओहोटी. म्हणून निघण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी फार खाली जातं. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, त्यामुळे गेल्या आठवड्यात गेलेल्या मित्राची वेळ तुमच्या कामाची नाही. थांबायला वेळ नसेल तर मागे फिरून आरोंद्याच्या पुलावरून किरणपाणीला उतरा. चारचाकीवाल्यांनी सरळ हाच रस्ता धरावा, असं माझं मत.

आरोंद्याचा विषय निघाला की आमच्यातल्या एकाला त्याची आजी आठवते. माहेर पेडण्यात, सासर नदीच्या अलीकडे. सरहद्द बंद झाली तेव्हा माहेरचा काठ दिसायचा, जाता यायचं नाही. पेडणे महाल (तालुका) १७८८ च्या तहाने सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेला. दोन्ही काठांवर सोयरीक आधीपासूनच, दोन देश नंतर झाले.

केरीहून पेडण्यात या. पोट भरायला पातळ भाजी आणि पाव, सोबत मिरचीची भजी. पेट्रोलची टाकी इकडेच भरा, महाराष्ट्रापेक्षा स्वस्त पडतं. हेल्मेट मागे बसणाऱ्याच्याही डोक्यावर असू द्या आणि कागदपत्रं हाताशी ठेवा.

मग पत्रादेवी. सगळे इथून वेगाने जातात, पण हुतात्मा स्मारकाशी गाडी उभी करा. १५ ऑगस्ट १९५५ ला देशभरातून आलेले सत्याग्रही निःशस्त्र आत शिरले आणि पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या. पंजाबचा कर्नैल सिंग इथे गेला, मध्य प्रदेशातल्या सागर जिल्ह्याच्या सहोदराबाई राय गोळी लागून जखमी झाल्या. त्यानंतर भारताने सरहद्दच बंद केली. कुठला पंजाब, कुठला सागर जिल्हा! शेजारून ट्रक सुसाट जात असतात, नावं वाचताना आम्ही कुणी फारसं बोललो नाही.

परतताना बांद्याजवळ इन्सुलीला तपासणी असते. परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. ‘एकच बाटली’ ही सबब चालत नाही, डिकी उघडायला लावतात. मित्रांच्या सॅकमध्ये काय आहे ते पत्रादेवीच्या आधीच विचारून घ्या, तपासणीपाशी मैत्रीची परीक्षा नको.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर बांद्याहून दोडामार्गला जा. १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्याची एक फळी तिथूनच गोव्यात उतरली. रस्ता झाडीतला, वळणांचा आणि तिळारीच्या बाजूला रानटी हत्तींचा वावर. तिकडून अंधार पडायच्या आत निघा, आणि हत्ती दिसलाच तर फोटोसाठी गाडीवरून उतरू नका.