लिस्बनचे मिरादोरू: कुठून काय दिसतं आणि कधी

लिस्बनमध्ये शहराचा देखावा पाहायला जागा शोधत फिरावं लागत नाही. अडचण उलटी आहे, जागा फार आहेत. टेकड्यांवर वसलेलं शहर, त्यामुळे दर दुसऱ्या चढाच्या टोकाला एक सज्जा, कठडा, दोनचार बाक आणि कॉफीचा लहानसा किऑस्क. याला तिथे मिरादोरू म्हणतात. बहुतेक सार्वजनिक आहेत, तिकीट नाही. जाण्याआधी मी वाचलं ते सगळं एकाच साच्यातलं होतं: दहा नावं आणि प्रत्येकापुढे ‘अप्रतिम’. कोणत्या जागेचं तोंड कुठल्या दिशेला आहे, सकाळी जावं की संध्याकाळी, तिथून काय दिसत नाही, हे कोणी सांगेना. माझ्यासोबत ताई होती, वय पासष्टच्या पुढे, उजवा गुडघा कुरकुरणारा. दहाच्या दहा चढण्याचा प्रश्नच नव्हता. निवड करायची होती, आणि ती तिथे जाऊनच करावी लागली.

पद्धत मात्र घरून नेली होती. आमचं माहेर म्हापशाचं, पण पुण्यात आल्यापासून सुट्टीत गडांवर जायची सवय लागली. सिंहगडाच्या कड्यावर उभं राहिलं की माणूस आधी काय करतो? तो राजगड, तो तोरणा, तो तिकडे पुरंदर, असं बोट दाखवत सगळे मोजतो. लिस्बनमध्येही तेच करायचं ठरवलं. एका मिरादोरूवर जायचं आणि तिथून बाकीचे शोधायचे. जो चारही बाजूंनी सारखा नजरेत येतो, तिथून आपल्यालाही बरंच दिसणार.

सुरुवात केली सांव पेद्रु द अल्कांतारापासून. ही बाग बायरू आल्तु या भागाच्या कडेला आहे, दोन पातळ्यांची, आणि कठड्याजवळ निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर समोरच्या शहराचं नावांसकट चित्र आहे. नवख्या माणसासाठी यापेक्षा सोयीची जागा नाही. चित्रात नाव वाचायचं, मान वर करून ते ठिकाण शोधायचं. आम्ही गेलो तेव्हा रेस्तोरादोरेश चौकातून वर येणारी ग्लोरिया ही दोरावर चालणारी पिवळी ट्राम सुरू होती. १८८५ पासूनची ती ट्राम ३ सप्टेंबर २०२५ रोजी घसरली आणि सोळा माणसं गेली. त्यामुळे आता जाणाऱ्यांनी हा चढ पायीच जमेला धरावा, किंवा मेट्रोने बायशा-शियादू स्टेशन गाठावं. ते बरंच वर बाहेर काढतं.

पहिल्यांदा तिथे सकाळी पोचलो. समोर पूर्वेला सांव जोर्जचा किल्ला, आणि त्याच्याच डोक्यावर सूर्य. तटबंदी काळसर, खालची घरं धुरकट, फोटोत तर सगळं पांढरं. ताई म्हणाली, “अगं, हे संध्याकाळचं ठिकाण दिसतंय.” संध्याकाळी सूर्य पाठीशी असताना परत गेलो तर तोच किल्ला पिवळ्या-केशरी उन्हात सबंध उजळलेला, बुरूज मोजता येतील इतका. डावीकडे वर एक पांढरं देऊळवजा काहीतरी आणि छत्रीसारखी पाइनची झाडं दिसत होती. टाइल्सच्या चित्रात पाहिलं, ते सेन्योरा दु मोंत. म्हणजे पुढचा मुक्काम ठरला.

यानंतर वहीत प्रत्येक जागेपुढे दिशा लिहायला लागले. नकाशा घेऊन बसलात तर हे काम घरीही होतं, अर्ध्या तासात. लिस्बनच्या दक्षिणेला तेजो नदी, मधोमध सखल बायशा, तिच्या पूर्वेला किल्ल्याची टेकडी, पश्चिमेला बायरू आल्तु. पश्चिमेच्या टेकडीवरून पूर्वेकडे बघायचं ते संध्याकाळी, पूर्वेच्या टेकडीवरून पश्चिमेकडे बघायचं ते सकाळी. इतकी साधी गोष्ट, पण सगळी गर्दी नेमकी उलट वागते, कारण तिला सूर्यास्त हवा असतो, शहर नाही.

सेन्योरा दु मोंतवर हे अगदी ठळक दिसतं. जुन्या शहरातल्या सगळ्यात उंच जागांपैकी ही एक. संध्याकाळी तिथे टुकटुकांची, म्हणजे आपल्या रिक्षांचीच, रांग लागते, गिटारवाले असतात, कठड्याशी कोपर टेकायला जागा नसते. आम्ही सकाळी आठच्या सुमारास गेलो तर कुत्रा फिरवणारे दोघे-तिघे. ऊन पाठीमागून. डाव्या हाताला किल्ला, त्याच्यामागे नदी, समोर बायशाची छपरं आणि दूर उजवीकडे लाल पूल. किल्ला, नदी आणि पूल हे तिन्ही एका नजरेत देणारी शहरातली मला सापडलेली ही सर्वांत चांगली जागा. तिथल्या लहानशा देवळात सांव जेन्स या संताची दगडी खुर्ची आहे. बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून गरोदर बायका तिच्यावर बसत, राण्यासुद्धा. ताईला देखाव्यापेक्षा ही माहिती जास्त आवडली.

आणखी एक, सूर्यास्तच हवा असणाऱ्यांसाठी. आम्ही जूनच्या सुरुवातीला होतो. तेव्हा सूर्य नऊच्या आसपास मावळतो आणि पुलाच्या पुष्कळ उजवीकडे, वायव्येला, इमारतींमागे जातो. चित्रांत दिसणारा पुलाजवळचा मावळता सूर्य हिवाळ्यातला.

तिथून उतारावर, दहाएक मिनिटांत ग्रासाचा मिरादोरू. याला आता कवयित्री सोफिया द मेलु ब्रेनर आंद्रेसेन यांचं नाव आहे आणि त्यांचा अर्धपुतळाही तिथे आहे. देखावा वरच्यापेक्षा थोडा कमी, कारण किल्ला जवळ येऊन नदीचा मोठा भाग झाकतो. पण बसायला हाच उत्तम. पाइनची सावली, किऑस्क, टेबलं. गुडघेदुखीवाल्यांनी वरच्या जागेचा हट्ट सोडून इथे कॉफी घेतली तरी फारसं काही चुकत नाही.

२८ नंबरची ट्राम ग्रासातूनच जाते आणि पुढे पोर्तस दु सोलला थांबते. मार्तिं मोनीशच्या पहिल्या थांब्यावर तिच्यासाठी लांबलचक रांग असते, आणि आत खिसेकापू. सकाळी लवकर घेतली तर खिडकीची जागा मिळते. पोर्तस दु सोल आणि सांता लुझिया हे दोन मिरादोरू एकमेकांना लागून आहेत आणि दोघांचं तोंड पूर्वेला व आग्नेयेला, अल्फामा या जुन्या वस्तीकडे. सांव विसेंत द फोरा या चर्चचे जुळे मनोरे, त्याच्या उजवीकडे राष्ट्रीय पँथिऑनचा, म्हणजे देशातल्या थोरांच्या समाधिस्थळाचा, पांढरा घुमट. या घुमटाखालच्या चर्चचं काम १६८२ मध्ये सुरू झालं आणि १९६६ मध्ये संपलं. आपल्या गावातल्या पुलांना नावं ठेवताना हे आठवत जावं.

सांता लुझियाला बोगनवेलीच्या मांडवाखाली सगळे फोटो काढतात आणि चर्चच्या बाहेरच्या भिंतीकडे पाठ करून निघून जातात. त्या भिंतीवर टाइल्सची दोन मोठी चित्रं आहेत. एकात ११४७ मध्ये पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो हेन्रिकेस याच्या सैन्याने मूरांकडून, म्हणजे तिथल्या मुस्लिम सत्ताधाऱ्यांकडून, किल्ला घेतला तो प्रसंग, दुसऱ्यात नदीकाठचा राजवाड्याचा चौक, १७५५ पूर्वीचा. त्या वर्षी १ नोव्हेंबरला भूकंप झाला, मागोमाग नदीतून लाटा आल्या आणि आगी लागल्या. सखल शहर गेलं. राजाचा मंत्री, पोंबालचा मार्किस, याने ते पुन्हा सरळ रेषांत आखून बांधलं. अल्फामाच्या गल्ल्या मात्र वेड्यावाकड्याच राहिल्या. हे चित्र पाहून मग बायशाकडे बघितलं की वरून दिसणाऱ्या शहराची फोड होते: सरळ रेषा दिसली की भूकंपानंतरचं, गुंता दिसला की आधीचं.

त्या सरळ रेषा बघायला सांता जुस्ताचा लोखंडी लिफ्ट-मनोरा चांगला. १९०२ चा, ४५ मीटर उंच. पण खालची रांग बघून ताईने सरळ नकार दिला. वरचा पूल मागच्या टेकडीवर कार्मूच्या चौकाला जोडलेला आहे, आणि कार्मूच्या बाजूची गच्ची फुकट आहे. तिथे चालत गेलो. भूकंपात छप्पर कोसळलेल्या कार्मूच्या मठाच्या उघड्या कमानी शेजारीच.

किल्ल्याला तिकीट आहे आणि ते स्वस्त नाही. चढ टाळायचा असेल तर बायशातल्या रुआ दुश फांकेइरुशवर एक सार्वजनिक लिफ्ट आहे, फुकट. तिच्यातून निघून पुढच्या गल्लीपलीकडे दुसरी. दोन्ही मिळून बरंचसं वर नेतात. किल्ल्यावर झाडी, मोर आणि तोफा आहेत, तटावरून देखावा रुंद आहे. एका बुरुजात आरसा आणि भिंगांनी शहराचं हलतं चित्र गोल टेबलावर पाडतात, ते मुलांना दाखवावंच. पण किल्ल्यावरून किल्ला दिसत नाही, आणि लिस्बनच्या देखाव्यातली मुख्य वस्तू तीच. फक्त देखाव्यासाठी माझे पैसे मी तिथे घालणार नाही.

सांता कातारिनाच्या मिरादोरूवर आम्ही देखाव्यापेक्षा आमच्या ओढीने गेलो. तिथे आदामास्तोरचा दगडी पुतळा आहे, १९२७ चा. हा पोर्तुगीज कवी कामोइंशच्या महाकाव्यातला राक्षस, आफ्रिकेच्या टोकाशी वास्को द गामाची वाट अडवणारा. कामोइंश स्वतः गोव्यात राहिलेला. या टेकडीवर लोक नदीत येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांकडे डोळे लावून बसत, त्यांत आमच्या किनाऱ्याकडे निघालेलीही असणार. ताई कठड्याला टेकून म्हणाली, “हे इथून निघाले आणि आपण तिथे पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या आजीच्या गोष्टी ऐकत वाढलो.” समोर बंदर, पूल आणि पलीकडच्या काठावरचं क्रिस्तु रेइ हे येशूचं स्मारक. तोंड नैर्ऋत्येला, म्हणून इथे सकाळ बरी.

पूल १९६६ चा, तेव्हा हुकूमशहा सालाझारच्या नावाचा. १९७४ च्या क्रांतीनंतर ‘२५ एप्रिल’ झाला. १९९९ पासून त्याच्या खालच्या मजल्यावरून आगगाडी जाते.

आणि मग पलीकडचा काठ. काइश दु सोद्रेहून कासिल्यासला फेरीबोट निघते. हा शब्द गोवेकराला शिकवावा लागत नाही. दहा मिनिटांत पार, मेट्रोचं नावेगांत कार्डच चालतं. तिथून बस थेट क्रिस्तु रेइपर्यंत. १९५९ चं हे स्मारक: ८२ मीटरचा पाया, त्यावर २८ मीटरची येशूची मूर्ती. लिफ्टने पायाच्या माथ्यावर जाता येतं. इथे तोंड उत्तरेला आणि सूर्य दक्षिणेकडून, म्हणून दुपारच्या भर उन्हातही सगळं लिस्बन समोरून उजळलेलं असतं. आतापर्यंत पायाखाली घातलेली प्रत्येक टेकडी एका ओळीत मांडलेली. ताईने उजवीकडून नावं घ्यायला सुरुवात केली: पँथिऑन, सांव विसेंत, किल्ला. ग्रासा आणि सेन्योरा दु मोंत किल्ल्याच्या टेकडीमागे दडल्यामुळे थोडी शोधाशोध झाली. खालून पुलाच्या लोखंडी जाळीवरून धावणाऱ्या गाड्यांचा अखंड गुंजारव येत राहतो.

एकच दिवस असेल तर माझा क्रम असा: सकाळी आठला सेन्योरा दु मोंत, उतरताना ग्रासात कॉफी, दुपारी फेरीबोटीने पलीकडे, संध्याकाळी सातनंतर सांव पेद्रु. पोर्तस दु सोल ट्रामच्या वाटेवर आपोआप घडतं. रबरी तळव्यांचे बूट घाला, कारण तिथल्या पांढऱ्या चुनखडीच्या फरशा झिजून गुळगुळीत झाल्यात आणि पाऊस पडला की उतारावर पाय ठरत नाही. डिसेंबरात जाणाऱ्यांनी संध्याकाळची वेळ साडेचारच्या आत आणावी. तेव्हा सूर्य सव्वापाचलाच बुडतो.