सौर विजेचा दर उन्हापेक्षा व्याजावर ठरतो

अर्थशास्त्रात एम.ए. करून हवामान धोरणाच्या नोकरीकडे वळणाऱ्यांच्या डोक्यात बहुधा कार्बन कर असतो. अर्थतज्ज्ञ पिगू, बाह्य परिणाम (व्यवहाराबाहेरच्यांवर पडणारा भुर्दंड), दोन रेषांचा आलेख. परीक्षेला ते पुरतं. टेबलावर येणारी फाइल मात्र बहुतेक वेळा वेगळंच विचारते: या प्रकल्पाला पैसा किती टक्क्यांनी मिळणार?

हिशेब करून बघा. १ मेगावॉटचा सौर प्रकल्प, खर्च सोयीसाठी ४ कोटी धरू, क्षमता वापर (वर्षभर पूर्ण क्षमतेने चालला तर होईल त्या विजेतला प्रत्यक्ष वाटा) १९ टक्के. वर्षाचे ८७६० तास गुणिले ०.१९, म्हणजे साधारण १६.६ लाख युनिट. आयुष्य २५ वर्षं. कर्ज आणि भागभांडवल मिळून पैशाचा खर्च ९ टक्के असेल तर ४ कोटी वसूल व्हायला वर्षाला ४०.७ लाख लागतात. युनिटमागे २ रुपये ४५ पैसे. तोच खर्च १२ टक्के करा: वर्षाला ५१ लाख, युनिटमागे ३ रुपये ६ पैसे. देखभाल, जमीन, पॅनेलची दरवर्षीची घट अजून धरलेलीच नाही. ऊन तेच, पॅनेल तीच, वीज पंचवीस टक्के महाग. कोळशाच्या प्रकल्पाला हा फटका कमी बसतो, कारण तिथे बराच खर्च इंधनाचा, तोही वर्षावर्षाला होणारा. सौरमध्ये जवळपास सगळा पैसा आधीच ओतावा लागतो.

हा फरक कार्बनच्या भावात मोजला तर? ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर ६१ पैसे भरून काढायला टनाला साडेआठशे रुपयांच्या आसपास भाव मिळायला हवा.

एक्सेलमध्ये दोन चुका हमखास सापडतात. पहिली: वीज खरेदी करारातला दर २५ वर्षं स्थिर, म्हणजे महागाई न वजा केलेला; आणि त्याला लावलेला व्याजदर मात्र महागाई वजा केलेला. प्रकल्प कागदावर सोन्याचा दिसतो. दुसरी जास्त चकवणारी. १ मेगावॉटच्या इन्व्हर्टरवर (पॅनेलची वीज ग्रिडजोगी करणारं यंत्र) १.४ मेगावॉटची पॅनेल बसवतात. क्षमता वापर इन्व्हर्टरच्या हिशेबाने घेतला आणि खर्च पॅनेलच्या मेगावॉटमागे घेतला, की जास्तीची चाळीस टक्के पॅनेल फुकटात आली.

मग व्याज खाली कसं आणायचं? मध्य प्रदेशातला रीवा प्रकल्प यासाठी नीट वाचावा. ७५० मेगावॉट, लिलाव फेब्रुवारी २०१७ मध्ये. पहिल्या वर्षाचा दर २ रुपये ९७ पैसे, पुढे १५ वर्षं दरवर्षी ५ पैसे वाढ. वर्षभर आधी ४ रुपये ३४ पैसे हा नीचांक मानला जात होता. पॅनेल स्वस्त झाली हे खरंच, पण निविदेतच पैसे बुडण्याची भीती कमी केली होती: बँकेचं पतपत्र (खरेदीदाराने पैसे दिले नाहीत तर बँक देईल ही हमी), वर देयकांसाठी राखीव निधी, त्याही वर राज्य सरकारची हमी. वितरण कंपनीने बिल थकवलं तर काय, हा बँकेचा पहिला प्रश्न असतो. त्याचं उत्तर तयार होतं.

त्यापुढे हरित रोख्यांचा (फक्त पर्यावरणपूरक कामांसाठी काढलेल्या कर्जरोख्यांचा) गाजावाजा मला जरा जास्तच वाटतो. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये पहिले ८००० कोटींचे रोखे काढले, पाच वर्षांचे ७.१० आणि दहा वर्षांचे ७.२९ टक्क्यांनी. साध्या रोख्यांपेक्षा व्याजात फायदा ०.०५-०.०६ टक्क्यांचा. ८००० कोटींवर ०.०५ टक्के म्हणजे वर्षाला ४ कोटी. वाईट नाही, पण वरच्या तीन टक्क्यांपुढे किरकोळ.

सरावासाठी महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचा एखादा दरनिश्चिती आदेश उघडा आणि कर्ज-भागभांडवलाचं ७०:३० प्रमाण, व्याज, भागभांडवलावरचा परतावा हे आकडे स्वतःच्या शीटमध्ये भरून आयोगाचाच दर येतो का बघा. त्यानंतर वीज खरेदी करार घ्या. दराचं पान सोडून आधी देयकाची मुदत, विलंब अधिभार आणि करार मोडला तर भरपाई, ही कलमं वाचा.