गाडी सरळ का जात नाही?

कोल्हापुरातले नातेवाईक आणि शाळेतल्या मैत्रिणी यांच्याकडून अलीकडे जे निरोप येतात, त्यांत ख्यालीखुशाली विचारून झाली की एक प्रश्न हमखास असतो: मुलगा सातवीत गेला, त्याला कोडिंगच्या क्लासला घालावे का, आणि रोबोटचा कोणता संच घ्यावा? मी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या उपनगरात राहते, दिवसा मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करते आणि संध्याकाळी जवळच्या सरकारी शाळेतल्या सहावी ते आठवीच्या मुलांना रोबोटिक्स शिकवते, हे ऐकून माहीत असल्यामुळे प्रश्न माझ्याकडे वळतो. यंदा मे महिन्यात कोल्हापुरात असताना हेच काम मी शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीत, चुलतभावाच्या कारखान्याच्या शेडमध्ये मराठी माध्यमाच्या मुलामुलींबरोबर करून पाहिले. संच कोणता घ्यावा याविषयी मला फारसे काही सांगायचे नाही. पण या वयाची मुले यंत्राशी झटताना नेमके काय शिकतात आणि मोठ्यांनी कुठे हात लावू नये, याविषयी बरेच सांगण्यासारखे आहे.

अमेरिकेत सहावी ते आठवी या इयत्तांची बहुधा वेगळी शाळा असते. मुले अकरा ते चौदा वर्षांची, म्हणजे लहान म्हटले तर रागावणारी आणि मोठी म्हणावीत तर स्वतःचे दप्तर कुठे टाकले ते न आठवणारी असतात. या वयोगटासाठी ‘फर्स्ट लेगो लीग’ नावाची स्पर्धा आहे. डीन केमेन या संशोधकाने १९८९ मध्ये ‘फर्स्ट’ ही संस्था स्थापन केली आणि तिने लेगो या खेळणी बनवणाऱ्या डॅनिश कंपनीच्या साथीने १९९८ मध्ये ही स्पर्धा सुरू केली. आठ फूट बाय चार फुटांच्या टेबलावर छापील नकाशा अंथरलेला असतो, त्यावर छोटे छोटे देखावे मांडलेले असतात आणि मुलांनी बनवलेल्या गाडीने अडीच मिनिटांत तरफा ढकलणे, वस्तू उचलून आणणे, दांडे फिरवणे अशी जमतील तितकी कामे करायची असतात. गाडी सुटल्यावर तिला दुरून चालवण्याची सोय नाही. काय करायचे ते सगळे आधीच प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवावे लागते. मिशिगन हे मोटारींचे राज्य असल्यामुळे इथे या प्रकाराला मोठा मान आहे. राज्य सरकारने शाळांच्या रोबोटिक्स संघांना अनुदान दिले आहे आणि ‘फर्स्ट’ची जागतिक स्पर्धा २०१८ व २०१९ मध्ये डेट्रॉइट शहरात भरली होती.

बाहेरून पाहणाऱ्याच्या ध्यानात सहसा न येणारी गोष्ट अशी, की टेबलावरच्या खेळाला एकूण मूल्यमापनात चौथाच हिस्सा असतो. उरलेले तीन हिस्से यंत्राची रचना, त्या वर्षीच्या विषयावर मुलांनी केलेला प्रकल्प आणि संघातली वागणूक यांना वाटलेले असतात. परीक्षक मुलांना बंद खोलीत बसवून विचारतात, की हे चाक इथेच का बसवले, आधी काय करून पाहिले होते, ते का सोडले? मार्गदर्शकाने तिथे तोंड उघडायचे नसते. यंत्र जोडणे आणि प्रोग्रॅम लिहिणे ही कामेही मुलांनीच करायची, हा नियम आहे. आमच्या इथल्या मराठी मंडळींपैकी एक गृहस्थ, स्वतः निष्णात अभियंते, चिरंजीवांचा प्रोग्रॅम रात्री घरी ‘जरासा नीट’ करून देत असत. परीक्षकांनी त्यातल्या एका ओळीचा अर्थ विचारला, तेव्हा चिरंजीव अत्यंत प्रामाणिकपणे म्हणाले, “ते बाबांना विचारावं लागेल.” गृहस्थांनी त्यानंतर हात मागे बांधून उभे राहण्याची सवय लावून घेतली, आणि मुलगा आता उत्तम प्रोग्रॅम लिहितो.

लेगोचा संच काहीशे डॉलरला पडतो. त्याच्या मोटरमध्ये फिरण्याचा कोन अंशाअंशाने मोजणारा सेन्सर आतच बसवलेला असतो, त्यामुळे ‘चाक पाच वेळा फिरव’ असे सांगितले की ते बरोबर पाच वेळा फिरते. छोट्या चाकाचा व्यास ५६ मिलिमीटर, म्हणून परीघ १७६ मिलिमीटर. पाच फेऱ्यांत ८८ सेंटिमीटर अंतर. इथली मुले हा हिशेब कॅल्क्युलेटरवर करतात आणि उत्तरावर विश्वास न ठेवता लगेच गाडी सोडून पाहतात.

कोल्हापुरात हा संच नेण्याचा विचार मी मुद्दाम केला नाही. दीड-दोन हजार रुपयांत जे जमते ते घेतले: आर्डुइनो पाटी (म्हणजे प्रोग्रॅम चालवणारा छोटा संगणक), पिवळ्या प्लॅस्टिकच्या गिअरच्या दोन स्वस्त ‘बीओ’ मोटर, पाटीच्या हुकमाप्रमाणे मोटरना वीज पुरवणारा एक मोटर ड्रायव्हर, दोन लिथियम सेल आणि अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर. सांगाडे प्लायवूडचे, भावाच्या शेडमध्येच कापलेले. शेजारी लेथ चालू, पलीकडे कास्टिंगवर ग्राइंडर फिरतोय आणि मध्ये फरशीवर खडूने आखलेली आमची धावपट्टी. उद्यमनगरात वाढलेल्या माणसाला या आवाजाचे काही वाटत नाही. राजारामपुरीतून आलेल्या दोन मुलींनी मात्र पहिल्या सकाळी कानांत बोटे घातली होती.

चाकाचा व्यास ६५ मिलिमीटर. परीघ विचारल्यावर मागच्या रांगेतल्या मुलाने बावीस सप्तमांशाने गुणून, कागद न घेता, “दोनशे चार आणि थोडं वर” असे सांगितले. मिशिगनमधल्या माझ्या एकाही विद्यार्थ्याला हे तोंडी जमले नसते. परंतु आता टायरवर खडूची खूण करून चाक फरशीवर एक फेरी फिरवा आणि टेपने मोजा, असे म्हटले तेव्हा मुले गोंधळून माझ्याकडे पाहू लागली. गणित तर सुटले, मग मोजायचे कशाला, असा त्यांचा भाव होता. मोजल्यावर अंतर दोनशे चारच्या किंचित आत भरले, कारण गाडीच्या वजनाने रबर दबते आणि जमिनीला टेकलेल्या जागी त्रिज्या कमी होते. सूत्रातून हे कधीच कळले नसते.

खरी शिकवणी सुरू झाली ती गाडी चालू केल्यावर. दोन्ही मोटरना प्रोग्रॅममधून वेगाचा सारखाच आकडा दिला होता, शून्य ते २५५ पैकी २००, आणि तरीही गाडी दोन फुटांतच उजवीकडे वळून भिंतीला लागली. “मॅडम, गाडी नुसती उजवीकडं वडाय लागल्या!” आता काय करायचे, म्हणून सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी काहीच सांगितले नाही. कोणी म्हणाले फरशी उतरती असेल, म्हणून गाडी उलट दिशेने सोडून पाहिली, तरी उजवीकडेच. कोणी म्हणाले चाक घट्ट बसले असेल, म्हणून चाके अदलाबदल केली, तरी तेच. शेवटी जिच्या वडिलांचे शिवाजी पेठेत दुचाकींचे गॅरेज आहे, ती मुलगी म्हणाली की मोटरच एकमेकींच्या जागी लावून बघू. स्क्रू काढले, मोटर बदलल्या, तारा पुन्हा जोडल्या, आणि गाडी डावीकडे वळली. म्हणजे दोष फरशीत नाही, चाकात नाही, सांगाड्यात नाही; दोन मोटरच सारख्या वेगाच्या नाहीत. स्वस्त मोटरमध्ये हा फरक असतोच. लेगोच्या मोटरने तो आपल्या आत मिटवून टाकला असता आणि या मुलांना ही सकाळ मिळाली नसती.

मग वेगवान मोटरचा आकडा उतरवत उतरवत गाडी सरळ आणली. जेवून परत येतात तो पुन्हा वाकडी, आणि तेवढ्याच वेळात आधीपेक्षा कमी अंतर जाणारी, कारण सेल उतरले होते. इथे भावाच्या शेडमधल्या एका जुन्या टर्नरकाकांनी सहज म्हणून लक्ष घातले. त्यांनी मुलांच्या वहीतला एकमेव आकडा पाहिला आणि म्हणाले, “एकदा मोजलं म्हंजे खरं असं न्हाई. तीनदा मोजा, तिन्ही लिहा, मग बोला.” व्हर्निअर या बारीक माप घेण्याच्या साधनाने एकच जॉब, म्हणजे घडवलेला भाग, तीन ठिकाणी कसा तपासतात तेही त्यांनी दाखवले. अमेरिकेत ‘चाचणीची नोंदवही ठेवा’ हे मुलांच्या गळी उतरवायला मला अर्धा हंगाम लागतो. काकांनी ते एका चहाच्या वेळेत केले. मोटारींचे भाग ओतणाऱ्या, घासणाऱ्या आणि मोजणाऱ्या माणसांची कोल्हापुरात वाण नाही. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास याच गावात सिनेकॅमेरा घडवला होता. असे असताना रोबोटिक्स म्हटले की वातानुकूलित खोली आणि परदेशी संच एवढेच पालकांच्या डोळ्यांसमोर का येते, हे मला उमगत नाही.

काळ्या पट्टीवरून चालणारी गाडी हा पुढचा धडा. सेन्सर खाली अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, प्रकाश टाकतो. पांढऱ्या कागदावरून तो परत येतो, काळ्या पट्टीवरून फारसा येत नाही. सकाळी सगळे व्यवस्थित चालले आणि अकराच्या सुमारास गाड्या पट्टी सोडून भरकटू लागल्या. छतात उजेडासाठी मध्ये फायबरचा पत्रा बसवलेला आहे. ऊन नेमके तिथून फरशीवर उतरले होते, आणि उन्हातही अवरक्त किरण असतातच. मुलांनी पुठ्ठ्याची पट्टी कापून सेन्सरभोवती झालर लावली. हा उपाय त्यांना कोणी सांगितला नव्हता.

सर्वांत रंगलेला प्रकार अंतर मोजण्याचा. अल्ट्रासॉनिक सेन्सर ऐकू न येणारा आवाज सोडतो, तो समोरच्या वस्तूवर आपटून परत येईपर्यंतचा वेळ मोजतो, आणि प्रोग्रॅम त्या वेळेला आवाजाच्या वेगाने गुणून निम्मे करतो, कारण आवाज गेलाही आणि आलाही. सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या तयार प्रोग्रॅममध्ये हा वेग सेकंदाला ३४० मीटर धरलेला असतो. फळी टेपने बरोबर १०० सेंटिमीटरवर ठेवली, तर सेन्सर सांगतो ९६. आता मुले तीनदा मोजायला शिकली होती. तिन्ही वेळा ९६. सेन्सर खराब म्हणून दुसरा लावला, तोही ९६. दोन सेन्सर एकच खोटे बोलतात, याचा अर्थ खोट दुसरीकडे असली पाहिजे, इथपर्यंत ती आपापली आली. मी एवढेच विचारले, की आज गरम किती आहे? पत्र्याखालच्या थर्मामीटरमध्ये ३७ अंश होते. आवाजाचा वेग शून्य अंशाला सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो आणि दर अंशाला साधारण ०.६ मीटरने वाढतो. म्हणजे त्या दुपारी तो ३५३ च्या पुढे होता. प्रोग्रॅममधला आकडा बदलला आणि सेन्सर टेपशी जुळला. त्यावर जो आरडाओरडा झाला, तो ऐकून लेथवरचा माणूस काम थांबवून पाहायला आला.

यात एक अडचण प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. आपली मुले हुशार आहेत, हात चांगला आहे, पाठांतर तर विचारू नका; पण चार जणांसमोर चुकायची त्यांना फार भीती वाटते. “मॅडम, बरोबर आहे का?” हा प्रश्न प्रत्येक पायरीला येतो. मिशिगनमधली मुले उलट, अंदाज साफ चुकीचा असला तरी छाती काढून सांगतात, आणि ऐकणारी मुले हसत नाहीत. संगणकशास्त्रज्ञ सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा तयार केली, तेव्हापासून या शिक्षणाचा गाभा हाच आहे, की प्रोग्रॅम चुकला म्हणजे मूल नापास झाले असे नव्हे, तर कुठे बिघडले ते शोधायचे काम निघाले. शेडमध्ये मी त्या प्रश्नाला उत्तर देणे बंद केले आणि टेपकडे बोट दाखवू लागले. काही दिवसांनी प्रश्न कमी झाले. मुलींच्या बाबतीत बदल जास्त ठळक होता. सुरुवातीला वही लिहायचे काम आपसूक त्यांच्याकडे जाई आणि पक्कड मुलांकडे, म्हणून ही कामे रोज बदलायची असा नियम करावा लागला.

साधनांचा अभाव ही सबब आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. केंद्र सरकारच्या अटल इनोव्हेशन मिशनखाली देशभरात सुमारे दहा हजार शाळांत सहावी ते बारावीसाठी टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः खटपट करून वस्तू बनवण्याच्या प्रयोगशाळा, उभ्या राहिल्या आहेत, प्रत्येकीला २० लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून कोडिंगची शिफारस केली आहे. तरीही मी पाहिलेल्या एका शाळेत संच कपाटात कुलूपबंद होते, मोटरवरचे वेष्टन तसेच होते आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते रजेवर होते. वस्तू मोडली तर जबाबदार कोण, ही शिक्षकांची धास्ती खोटी नाही. पण मोटर जळेल, गिअरचे दाते झिजतील, तार तुटेल, हे अंदाजपत्रकातच धरले पाहिजे. भावाच्या कारखान्यातही रिजेक्शन, म्हणजे बाद होणारा माल, धरूनच हिशेब होतो.

मी परत आल्यावरही गट सुटलेला नाही. शनिवारी संध्याकाळी साडेसातला ही मुले शेडमध्ये जमतात, तेव्हा उन्हाळी वेळेप्रमाणे इकडे सकाळचे दहा वाजलेले असतात, आणि माझी मिशिगनची मुलेही पडद्यासमोर असतात. मराठी-इंग्रजीची सरमिसळ होते, कोणाचे कोणावाचून अडत नाही. कोल्हापूरच्या ९६ चा तक्ता पाहून इकडच्यांनी ठरवले आहे, की जानेवारीत एका घराच्या न तापवलेल्या गॅरेजमध्ये हाच प्रयोग करायचा. उणे पाच अंशाला सेन्सर १०३ च्या पुढे दाखवेल, असा हिशेब कोल्हापूरच्या मागच्या रांगेतल्या त्याच मुलाने तोंडी करून दिला आहे. पुढची पायरी म्हणून गाडीने तापमान स्वतः मोजून आवाजाचा वेग स्वतःच दुरुस्त करावा, असे दोन्हीकडच्यांचे चालले आहे. त्यासाठीचा डीएचटी-११ हा स्वस्त सेन्सर शून्य ते ५० अंशांतच चालतो, त्यामुळे तो उद्यमनगराला पुरेल; गॅरेजवाल्यांना उणे ४० पर्यंत जाणारा डीएचटी-२२ घ्यावा लागेल. त्याचे पैसे कोणी भरायचे, यावर पुढच्या शनिवारी चर्चा आहे.